पालिकेकडे काय मागायचं: काम, जागा आणि वेळेवर बिल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की म्हापशात तुमची संस्था आहे, दिव्यांग मुलंमुली आता विशीत आली, शाळा संपली, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आयांसाठी कापडी-कागदी पिशव्यांचं युनिट आणि एक छोटं किचन सुरू करायचंय, देणग्या आटत चालल्यात, तर पालिकेकडे वर्षाची ग्रँट मागायची की आणखी काही, आणि एकूणच शहराच्या पालिकेने संस्थांच्या अशा उद्योगांसाठी काय करायला हवं. मी हे काम बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी केलंय, संस्थांच्या फायली घेऊन पालिकेत जाणारी म्हणूनही आणि पालिकांना योजना लिहून देणारी म्हणूनही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी माझं मत सांगून टाकते, ग्रँटचा अर्ज पहिला घेऊन जाऊ नका. गोव्यात पणजीची महानगरपालिका धरून १४ पालिका, त्यातल्या बहुतेकींचा मोठा खर्च पगारात जातो आणि नव्या कामांसाठी राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागतं, अशा ठिकाणी संस्थेची ग्रँट ही सगळ्यात आधी कापली जाते. मिळालीच तर मार्चच्या शेवटी मिळते, एप्रिलमध्ये खर्चाचा दाखला मागतात, आणि मंडळ बदललं की पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगा. पण हीच पालिका वर्षभर काही ना काही विकत घेतच असते. मीटिंगचा चहा-नाश्ता, कार्यक्रमांच्या पिशव्या, सफाई कामगारांचे युनिफॉर्म, बागांची देखभाल, सार्वजनिक शौचालयांची साफसफाई, कॉलन्यांमधले कंपोस्ट युनिट बघणं, हे सगळं पैसे देऊन होतं. हा पैसा कुणाच्या तरी खिशात जाणारच आहे, तुमच्या युनिटपर्यंत तो का पोचत नाही तेवढं बघायचं. म्हणून मागायच्या गोष्टी तीन, काम, जागा, आणि केलेल्या कामाचं बिल ठरल्या तारखेला, आणि यातली एकच मिळणार असेल तर मी डोळे मिटून तिसरी घेईन.

पालिकेला हे करता येतं का असा प्रश्न आतले लोकच आधी विचारतात, म्हणून कायदा हाताशी ठेवा. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२ ची) जी बारावी अनुसूची आली तिच्यात पालिकांच्या कामांचे १८ विषय आहेत, त्यात दुर्बल घटकांचं आणि दिव्यांगांचं हित जपणं आणि शहरी गरिबी निर्मूलन हे स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे 'हे आमचं काम नाही' हे उत्तर चालत नाही. त्याहून तुमच्या उपयोगाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्याचं कलम ३७ वाचा. सरकार आणि स्थानिक संस्था दोघांनीही योजना करायच्या आहेत, गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के राखीव, आणि उद्योग, व्यवसाय, उत्पादन केंद्र अशा कामासाठी जमीन सवलतीच्या दरात देताना त्यातही ५ टक्के राखीव. किती नगरसेवकांनी हे कलम पाहिलेलं असतं ते मी सांगत नाही, पण प्रिंट काढून समोर ठेवलं की बोलणं वेगळ्या दिशेला जातं, कारण आता तुम्ही मेहेरबानी मागत नसता. तुमच्या किचनचा गाडा लागणार असेल तर २०१४ चा फेरीवाला कायदाही कामाचा आहे, नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि निदान १० टक्के संस्थांचे प्रतिनिधी असायला लागतात, तर ती समिती झालीय का, संस्थांतर्फे कोण बसलंय, तिची बैठक होते का, हे विचारा.

आता टेंडर. इथे सगळ्यात जास्त संस्था अडतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा पालिकेला पाच हजार कापडी पिशव्या हव्या आहेत. टेंडर काढणारा कारकून बिचारा मुद्दाम काही करत नाही, तो रस्त्याच्या टेंडरचा जुना नमुना उचलतो आणि कामाचं नाव बदलतो. मग त्यात येतं, मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल इतकी हवी, अशाच प्रकारची तीन कामं प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची किंवा एकच काम ८० टक्क्यांचं केलेलं हवं, अनामत रक्कम भरा, बँकेचा सॉल्व्हन्सी (पत असल्याचा) दाखला आणा. रस्ता करणाऱ्याला हे विचारणं बरोबर आहे, रस्ता खचला तर माणसं मरतात. पिशवीची शिवण उसवली तर पिशवी बदलून देता येते. पण नमुना तोच, त्यामुळे ज्या बायका उत्तम शिवतात त्या दारातच अडतात आणि काम मिळतं एका सप्लायरला, जो बाहेरून घाऊक माल आणून त्यावर पालिकेचा लोगो छापून देतो.

यावर उपाय पालिकेच्या हातात आहेत आणि त्यातल्या कशालाही जादा पैसे लागत नाहीत. पहिलं म्हणजे लॉट लहान करायचे, पाच हजार पिशव्या एकदम न मागवता हजार-हजारचे पाच लॉट, महिन्याच्या अंतराने. (टेंडरच्या मर्यादेखाली आणण्यासाठी काम तोडलं असा आक्षेप येऊ शकतो, म्हणून एकच टेंडर काढून त्यातच लॉट दाखवायचे आणि कुणीही एका लॉटसाठी भरू शकेल असं लिहायचं, मग आक्षेप राहत नाही.) दुसरं म्हणजे सूट. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे. केंद्राची खाती आणि कंपन्या यांना २०१२ च्या खरेदी धोरणानुसार २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी लागते, त्यात महिलांच्या उद्योगांचा ३ टक्के वाटा. हे धोरण पालिकांवर थेट बंधनकारक नाही, पण त्याच धर्तीवर आपल्या पालिकेपुरता ठराव घ्यायला काही आडकाठी मला दिसत नाही. तिसरं, आणि हे माझं लाडकं आहे, कामाच्या वर्णनातच अट घालणं, की या कामावरच्या माणसांपैकी अमुक टक्के दिव्यांग किंवा शहरातल्या बचत गटांच्या सदस्य असाव्यात. इटलीत १९९१ पासून कायदाच आहे, ज्या सहकारी संस्थेत निदान ३० टक्के कामगार दिव्यांग, व्यसनातून बाहेर आलेले, तुरुंगातून सुटलेले अशा गटातले असतात तिला तिथली नगरपालिका ठरावीक रकमेखालची कामं नेहमीच्या टेंडरच्या भानगडीशिवाय देऊ शकते, बागा सांभाळणं, साफसफाई, लाँड्री असली कामं. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण अट घालायला कायदा लागत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राची लघुउद्योगांची नोंदणी, आधी करून टाका. ट्रस्ट आणि सोसायटी दोघांनाही ती करता येते, फुकट होते, ऑनलाइन होते, आणि पुष्कळ संस्था 'आम्ही काय उद्योग थोडेच' म्हणून करत नाहीत. तिचा खरा फायदा बिलाच्या वेळी कळतो, आता तिकडेच येते.

बिलाबद्दल मला तळमळीने सांगायचंय कारण यात मी चांगली चालणारी युनिट्स बंद पडताना पाहिलीत. बायकांच्या एका गटाकडे एका सरकारी ऑफिसचं रोजच्या जेवणाचं काम होतं. जेवण वेळेवर जायचं, तक्रार एक नाही, पण बिल चार महिने निघेना. आधी म्हणाले हजेरीच्या तक्त्यावर इन्स्पेक्टरची सही नाही, सही झाली तर तो बदलून गेला आणि नवा म्हणतो माझ्या काळातलं नाही, मग अकाउंट्समध्ये फाईल गेली तर म्हणे खर्चाचं हेड चुकलंय, परत खाली. तोपर्यंत वाण्याने उधारी बंद केली. गटाच्या अध्यक्षीणबाईंनी हातातल्या पाटल्या सोसायटीत गहाण टाकल्या आणि तांदूळ-डाळ भरली, कारण उद्या जेवण गेलं नाही तर काँट्रॅक्ट रद्द होणार होतं. शेवटी बिल निघालं, पूर्ण निघालं, कुणी एक पैसा खाल्ला नाही. पण व्याजात नफा संपला आणि वर्षाअखेरीला गटाने काम सोडून दिलं. मोठा काँट्रॅक्टर चार महिने थांबू शकतो, त्याच्याकडे बँकेची मर्यादा असते, दुसरी दहा कामं असतात. आपल्या बायकांकडे पाटल्या असतात.

म्हणून पालिकेने पहिलं पाऊल म्हणून काय करावं असं मला कुणी आयुक्त किंवा मुख्याधिकारी विचारतो तेव्हा मी म्हणते, बचत गट, सहकारी संस्था, दिव्यांगांची युनिट्स यांच्या बिलांचं वेगळं रजिस्टर ठेवा आणि त्याला ३० दिवसांची मुदत घाला. बिल आल्याच्या दिवशी शिक्का, काही कमी असेल तर सात दिवसांत एकदाच लेखी सांगायचं, टप्प्याटप्प्याने नवीन त्रुटी काढायच्या नाहीत. आणि ऑर्डरबरोबर ३० टक्के आगाऊ, कारण कापड, सूत, डाळ सगळं रोखीने आणावं लागतं. कायदाही तुमच्या बाजूने आहे, २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, करारात काहीही मुदत लिहिलेली असली तरी, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्या-महिन्याचं चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी राज्यात फॅसिलिटेशन कौन्सिल असते. ज्या पालिकेकडून पुढचं काम हवंय तिच्यावर केस कोण घालणार, मला माहिती आहे, पण ऑर्डरच्या कागदावर या कलमाचा उल्लेख करून घेतला की अकाउंट्सवाला तुमची फाईल खाली दाबत नाही एवढं नक्की. हे माल स्वतः बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू, नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना नाही.

जागेचं. गोव्यात जागेचा प्रश्न पावसाशी बांधलेला आहे हे बाहेरच्या सल्लागारांना समजत नाही. कागदी पिशवीला मैद्याची खळ लावतात, मे महिन्यात ती तासाभरात सुकते, जुलैत दोन दिवस पसरून ठेवली तरी दमट लागते आणि मग घड्यांत काळी बुरशी धरते. सोलां (आमसुलं), पापड, फणसाची साठां (पोळी) हे सगळं एप्रिल-मेमध्ये उरकायचं असतं, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, दिवसांत, आणि मग वर्षभर कोरड्या जागेत ठेवायचं असतं. तुमची मुलं एका मुलाच्या घराच्या बाल्कनीत बसून काम करतात असं तुम्ही लिहिलंय, ते चार महिने बंदच पडणार. एक कोरडी, हवेशीर, रॅम्प असलेली, बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी खोली, ही तुमच्यासाठी लाखभर रुपयांच्या ग्रँटपेक्षा मोठी गोष्ट आहे. आणि पालिकांकडे अशा खोल्या असतात, लिलावात कुणी न घेतलेले पहिल्या मजल्यावरचे गाळे, बंद पडलेलं वाचनालय, जुनं ऑफिस नव्या इमारतीत गेल्यावर उरलेली खोली. (पहिला मजला व्हीलचेअरला उपयोगाचा नाही, तळमजलाच मागा.) गाळे भाड्याने द्यायचे तर लिलाव, सर्वात मोठी बोली, ही पद्धत असल्यामुळे कायमचा लीझ मागायला जाल तर वर्षानुवर्षं फाईल फिरेल. आधी ११ महिन्यांचं वापराचं करारपत्र मागा, दर वर्षी नवं करता येईल असं, वीज-पाणी तुमचं, डागडुजी तुमची, आणि बदल्यात पालिकेला वर्षाला अमुक पिशव्या किंवा तिच्या शाळा-बालवाडीत अमुक सेवा. कोची महापालिकेने २०२१ मध्ये स्वतःच्या इमारतीत कुटुंबश्री या केरळच्या महिला बचत गटांच्या योजनेतल्या बायकांना हॉटेल चालवायला दिलं, १० रुपयांत जेवण असं ते सुरू झालं आणि लोकांनी उचलून धरलं, तिथे पालिकेने दिलेली मोठी गोष्ट जागाच होती.

किचनच्या परवान्याचं वेगळं दुखणं आहे. घरातून डबे करणाऱ्या बाईला पालिकेचा ट्रेड लायसन्स मिळत नाही कारण घर निवासी, आणि लायसन्स नाही म्हणून पालिकेचीच ऑर्डर घेता येत नाही. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) साधी नोंदणी होऊन जाते, अडतं ते पालिकेतच. पालिकेने एक सामायिक किचन चालवलं, ज्यात लायसन्स जागेला आहे आणि तीन-चार गट पाळीपाळीने शिजवतात, तर हा गुंता एका झटक्यात सुटतो. पणजीसारख्या ठिकाणी, जिथे २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, डिसेंबरात कला महोत्सव असतात, अशा किचनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उसंत मिळणार नाही.

पालिकेकडे पैशाशिवायची एक ताकद असते ती म्हणजे परवानगी, आणि हिचा वापर अजून आपल्याकडे झालेलाच नाही. बोडगेश्वराची जत्रा घ्या, मिलाग्रीसचं फेस्त घ्या, शिगमो, कार्निव्हल, वॉर्डातले गणपती. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या-ग्लास-चमच्यांवर बंदी आहे, तरी दुसऱ्या दिवशी मैदानावर काय पडलेलं असतं ते तुम्ही बघताच. तुमच्यासारख्या संस्थेने स्टीलच्या ताट-वाट्या-ग्लासांची बँक चालवली, भाड्याने द्यायची, परत आणून धुवायची, मोजून लावायची, तर हे काम आपल्या मुलांना फार चांगलं जमतं, मी पाहिलंय, मोजणी आणि रचणं यात त्यांची शिस्त आपल्याहून पक्की असते. पालिकेने फक्त एवढंच करायचं, आपल्या मैदानाची आणि हॉलची परवानगी देताना फॉर्मवर अट घालायची की खाण्याचे स्टॉल असतील तर धुऊन वापरायची भांडी असतील. या एका अटीतून तुमच्या बँकेला गिऱ्हाईक मिळेल आणि पालिकेचा दुसऱ्या दिवशीचा कचरा कमी होईल. तसंच सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतलं जाणारं शुल्क. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोपो गोळा करायचं काम ठेक्याने जातं, ठेकेदाराला ठेक्याची रक्कम वसूल करायची असते, तो तुमच्या टेबलाला सूट देणार नाही, पण ठेक्याच्या अटी लिहितानाच पालिकेने 'दिव्यांगांच्या आणि नोंदणीकृत बचत गटांच्या इतक्या जागांना सोपो नाही' असं ओळीत टाकलं तर भांडण उरत नाही. चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाला बायका गावागावातून येतात, त्या आठवड्यासाठी तर हे पाहिजेच.

दुसऱ्या शहरांची उदाहरणं देते, दोन-तीनच, पण ती पालिकेत उपयोगी पडतात, कारण अधिकाऱ्याला 'आधी कुणी केलंय का' याचं उत्तर लागतं. पुण्याचं 'स्वच्छ' तुम्हाला माहीत असेल, कचरा वेचणाऱ्या कामगारांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था, २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर करार झाला, घरोघरचा कचरा त्या गोळा करतात, घरटी शुल्क त्यांनाच मिळतं, सुका कचरा विकून येतं तेही त्यांचं. त्यामागे १९९३ पासूनची संघटना होती हे विसरू नका. छत्तीसगडच्या अंबिकापूरमध्ये बचत गटांच्या बायका वर्गीकरणाची केंद्रं चालवतात. ओडिशात कटकचा मैला प्रक्रिया प्रकल्प तृतीयपंथी सदस्यांच्या गटाकडे चालवायला दिला गेला. म्हणजे तांत्रिक काम गटांना जमत नाही हा समज खोटा आहे, शिकवलं की जमतं. आणि कचऱ्यापुरतं बोलायचं तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देणं, बचत गट उभे करून त्यांना सामावून घेणं ही पालिकेची कर्तव्यं म्हणून लिहिली. पणजीने रस्त्यावरच्या कुंड्या काढल्या, कॉलन्यांमध्ये कंपोस्टिंग आणलं, वर्गीकरण खूप पुढे नेलं, याचा मला गोव्याची म्हणून अभिमान आहे, आता त्याच कॉलन्यांमधली देखभाल स्थानिक गटांकडे रीतसर करारावर देणं ही पुढची पायरी व्हायला हवी.

पुण्याच्या उदाहरणातून घ्यायचा धडा मात्र वेगळा आहे. करार संपत आला की दर वेळी तिथल्या बायकांना पुढे काय ही धाकधूक. कामाचा दर्जा उत्तम असूनही. म्हणून तुम्ही मुख्याधिकाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबू नका, माणूस कितीही भला असला तरी त्याची बदली होणार, कित्येकदा त्याच्याकडे आणखी एका ठिकाणचा अतिरिक्त चार्ज असतो. पालिका मंडळाचा ठराव, त्यात निदान तीन वर्षांची मुदत, नूतनीकरणाची पद्धत लिहिलेली, आणि काम काढून घ्यायचं तर किती दिवस आधी लेखी कळवायचं तेही. याला वेळ जातो. जाऊ दे.

आता एक गोष्ट जी पालिकांना आवडत नाही आणि काही संस्थांनाही. सामाजिक उद्योगाच्या नावाखाली स्वस्त मजूर पुरवायचं काम होता कामा नये. कायम सफाई कामगाराची जागा भरायची नाही आणि त्याच रस्त्यावर बचत गटाला किमान वेतनापेक्षा कमी पडेल अशा दराने लावायचं, हे मी होताना पाहिलंय, फोटो छान येतात, पण त्या बाईच्या हातात काय पडतं ते विचारा. तुमचा दर काढताना किमान वेतन, पीएफ-ईएसआय लागू असेल तर तो, मुलांना आणण्या-नेण्याची रिक्षा, देखरेखीला लागणारी एक जादा व्यक्ती, हे सगळं धरा, आणि त्याखाली काम घेऊ नका, एल-वन (सगळ्यात कमी दर भरणारे) व्हायच्या नादात तर मुळीच नाही. दुसरा धोका नकली गटांचा, काँट्रॅक्टरनेच बायकांच्या नावावर गट काढायचा, पासबुक त्याच्याकडे. पालिकेने तपासायचं सोपं आहे, बँक खात्यावर सह्या कुणाच्या, सदस्यांच्या खात्यात मजुरी थेट जाते का, आणि अचानक जाऊन दोन सदस्यांशी बोलायचं. ही तपासणी तुम्हीच मागा, खऱ्या गटांना तिचा फायदाच होतो.

आणि प्रत्येक संस्थेने धंदा करावा असंही नाही. मारहाण झालेल्या बाईला रात्री आसरा देणारी संस्था, व्यसनमुक्तीचं समुपदेशन, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची सेवा, यांना 'तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहा' म्हणणं हे अन्यायाचं आहे. तिथे सरकारने आणि पालिकेने सरळ पैसे द्यावेत. तुमच्या संस्थेतही थेरपीचा भाग उद्योगातून चालेल अशी अपेक्षा ठेवू नका, पिशव्या आणि किचन यांनी मुलांची आणि आयांची मजुरी काढली, थोडी शिल्लक राहिली, तर ते यश समजा.

तुमच्या घरातली व्यवस्था. आयकरात संस्थेच्या धंद्याची उलाढाल हा नाजूक विषय आहे, 'सर्वसाधारण लोकोपयोगी' उद्दिष्टात मोडणाऱ्या संस्थेची धंद्यातली आवक एकूण आवकीच्या २० टक्क्यांवर गेली तर सवलत धोक्यात येते, गरिबांना मदत किंवा शिक्षण या उद्दिष्टांना वेगळा नियम आहे, पण तिथेही धंदा उद्दिष्टाला धरून हवा आणि त्याचे हिशेब वेगळे ठेवायला लागतात. तुमची नोंदणी कुठल्या उद्दिष्टात आहे ते सीएला आजच विचारा. मला विचाराल तर वाढायला लागलं की आयांची वेगळी सहकारी संस्था काढा, २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली, ट्रस्टने पाठीशी राहायचं आणि मालकी काम करणाऱ्यांची. गोव्याला सहकार नवा नाही, बागायतदारचं दुकान आणि गोवा डेअरीचं दूध घरोघरी आहे. जीएसटीत एक गोष्ट लक्षात ठेवा, पालिकेच्या घटनात्मक कामांशी संबंधित निव्वळ सेवा पालिकेला दिली, म्हणजे कंपोस्ट युनिटची देखभाल, सफाई, तर त्यावर जीएसटी माफ आहे, पिशव्या विकल्या तर ती माफी नाही. हे कोटेशन लिहिताना माहीत हवं, नाहीतर दर चुकतो.

वेळेचं गणित असं धरा. पालिकेचं बजेट मार्चआधी बसतं, म्हणजे तुमचा कागद चवथ आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत आत गेला पाहिजे, जानेवारीत गेलात तर आकडे ठरलेले असतात. आधी तुमच्या वॉर्डच्या नगरसेवकाला, मग नगराध्यक्षांना युनिटवर बोलवा, भाषण नको, मुलांना काम करताना बघू दे. मग मुख्याधिकाऱ्याकडे जाल तेव्हा हातात विनंती अर्ज नको, ठरावाचा तयार मसुदा हवा. अधिकाऱ्याला सगळ्यात जास्त भीती ऑडिट पॅराची, म्हणजे लेखापरीक्षणातल्या आक्षेपाची, असते, नाही म्हटलं तर त्याला कुणी विचारत नाही, हो म्हटलं तर पाच वर्षांनी निवृत्तीच्या वेळी नोटीस येते, ही त्याची बाजूही खरी आहे. म्हणून मसुद्याला जोडा कलम ३७ ची प्रत, सामान्य वित्तीय नियमांतलं अनामतीची सूट असलेलं पान, दुसऱ्या एखाद्या पालिकेचा करार, तुमच्या दराची फोड, उद्यम प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब. हे सगळं एका फाईलमध्ये, पानांना नंबर घालून, वर अनुक्रमणिका. जीसुडाकडेही (गोवा राज्य शहरी विकास एजन्सी) एक प्रत द्या, शहरी उपजीविकेच्या योजना तिथून चालतात आणि त्यांना दाखवायला चांगली उदाहरणं हवीच असतात.

पहिल्या वर्षी मोठं काही मागू नका. एक तळमजल्यावरची खोली ११ महिन्यांसाठी, पिशव्यांचे हजारचे दोन लॉट, आणि ३० दिवसांत बिल, एवढ्या तीन ओळींचा ठराव. किचन दुसऱ्या वर्षी. पिशव्यांचे नमुने नेताना कुठल्या मुलाने काय केलं ते सांगणारी चिठ्ठी लावू नका, नुसती पिशवी द्या आणि तिच्यात पाच किलो तांदूळ घालून उचलून दाखवा. मसुदा लिहिलात की मला पाठवा, मी वाचून देते, दराची फोड आधी पाठवलीत तर जास्त बरं, कारण बहुतेक जणांचं तिथेच कमी पडतं, रिक्षाचे पैसे धरायचे राहून जातात.